जेनेरिक की ब्रँड : गोळी पोटात गेल्यावर नेमका काय फरक पडतो?

चौकस

मी बरीच वर्षं थायरॉइडसाठी लिव्होथायरॉक्सिन घेते. यंदा नेहमीच्या ब्रँडऐवजी त्याच ताकदीची जेनेरिक गोळी हातात पडली आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परिसंवादच सुरू झाला. एकाचं म्हणणं, औषध तेच, फक्त वेष्टण वेगळं. दुसरा म्हणतो, जेनेरिकला ८० ते १२५ टक्के चालतं, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम लिहिलेल्या एका गोळीत ८० असतील आणि दुसरीत १२५. मामेबहिणीला तिच्या डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी अजिबात बदलायची नाही असं बजावलंय, पण कोलेस्टेरॉलच्या गोळीचं विचारलं तर तेच डॉक्टर म्हणाले, कुठलीही घ्या.

भाव, पेटंट, कंपन्यांचं अर्थकारण यावर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत, ते कृपया इथे नको. गोळी गिळल्यापासून पुढचंच विचारतेय. ते ८०-१२५ प्रकरण खरं आहे का? आणि एकाच डॉक्टरांचा दोन गोळ्यांना दोन न्याय कसा?

शेवंता

वाचतेय. खूण म्हणून प्रतिसाद.

खलबत्ता

चौकसताई, जिथे या चाचण्या होतात तिथे मी काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तो ८० आणि १२५ मायक्रोग्रॅमचा गैरसमज बाजूला काढू. गोळीत औषध किती भरलंय आणि त्यातलं रक्तात किती पोचतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी मर्यादा फार कडक असते. लिव्होथायरॉक्सिनचंच घ्या: अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २००७ साली असा नियम केला की गोळीत लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्केच औषध असलं पाहिजे, तेही मुदत संपेपर्यंत. ब्रँड असो की जेनेरिक, सर्वांना हेच.

८० ते १२५ येतं ते दुसऱ्या प्रश्नात. साधारण दोन-तीन डझन निरोगी माणसं घेतात. निम्म्यांना आधी मूळ ब्रँड देतात, निम्म्यांना आधी जेनेरिक. मग ठरावीक वेळांनी रक्त काढत राहतात. सुरुवातीला दर काही मिनिटांनी, नंतर तासांनी, शेवटी दिवसांनी. औषध अंगातून पुरतं निघून जाईपर्यंत थांबायचं, निदान पाच अर्धायुष्यं तरी (रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे एक अर्धायुष्य), आणि मग त्याच माणसांना दुसरी गोळी द्यायची. म्हणजे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते, शेजाऱ्याशी नाही. लिव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं, त्यामुळे त्यात मधली विश्रांतीच महिन्याच्या वर जाते. शिवाय हा हार्मोन शरीर स्वतःही बनवतं, म्हणून ६०० मायक्रोग्रॅमची जंगी मात्रा एकदम देतात आणि माणसाची मूळची पातळी वजा करतात.

यातून दोन आकडे काढतात. रक्तातली पातळी जास्तीत जास्त किती चढली, तो पहिला. आणि पातळीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण किती औषध शरीराला मिळालं, तो दुसरा. जेनेरिकचा आकडा भागिले ब्रँडचा आकडा असं गुणोत्तर घ्यायचं. आता खरी मेख: ८० ते १२५ ही मर्यादा त्या गुणोत्तराच्या सरासरीला नसते. सरासरीभोवतीची जी अनिश्चितता, ज्याला ९० टक्क्यांचा विश्वास अंतराल म्हणतात, तो अख्खाच्या अख्खा या चौकटीत बसावा लागतो. जेनेरिकची सरासरी खरोखरच ८२ आली तर त्या अंतरालाचं खालचं टोक ८० च्या खाली घसरणार आणि गोळी नापास होणार. पास व्हायचं तर सरासरी १०० च्या आसपासच हवी.

आणि ८० ला १२०ची जोडी न देता १२५ची का दिली, असं कुणी विचारेलच. गुणोत्तर आहे म्हणून. एक दुसऱ्याच्या ८० टक्के असेल तर दुसरा पहिल्याच्या १२५ टक्के होतो.

प्रत्यक्षात काय दिसतं? एफडीएच्या लोकांनी १९९६ ते २००७ या काळातले २०७० अभ्यास एकत्र करून पाहिले. कमाल पातळीत सरासरी फरक ४.३५ टक्के आणि एकूण शोषणात ३.५६ टक्के. सुमारे ९८ टक्के अभ्यासांत एकूण शोषणातला फरक दहा टक्क्यांच्या आत होता.

शेवंता

हे शाळेत असं शिकवलं असतं तर!

कडूकिराईत

खलबत्ताराव, आरती छान झाली. आता जरा प्रसादाचंही बोलू.

ब्युप्रोपिऑन. नैराश्यावरची ३०० मिलिग्रॅमची, हळूहळू सुटणारी गोळी. अमेरिकेत तिच्या एका जेनेरिकला २००६ साली परवानगी मिळाली. लगेच तक्रारी सुरू: डोकं दुखतं, झोप उडाली, नैराश्य परत आलं. एफडीएने आधी सगळं आलबेल असल्याचं सांगितलं, आजार मुळातच चढउताराचा आहे वगैरे वगैरे. शेवटी स्वतः चाचणी केली तेव्हा काय निघालं? कमाल पातळी ब्रँडच्या ७५ टक्के, एकूण शोषण ८६ टक्के. २०१२ मध्ये गोळी बाजारातून काढावी लागली. सहा वर्षं लोक सांगत होते, कुणी ऐकलं नाही.

आणि ही गोळी पास कशी झाली होती म्हणाल तर चाचणी झालीच होती १५० मिलिग्रॅमवर. ३०० चं गृहीत धरलं. ते तुमचे निम्म्यांना आधी हे, निम्म्यांना आधी ते, सगळं केलं असेल हो, पण भलत्याच गोळीवर!

खलबत्ता

कडूराव, उदाहरण अगदी खरं आहे आणि मी ते लपवणारही नव्हतो. १५० वर चाचणी करण्यामागे कारण होतं: जास्त मात्रेला या औषधाने फिट येऊ शकते, निरोगी माणसांना ती जोखीम द्यायची नव्हती. पण १५० वरून ३०० चा अंदाज बांधणं चुकलं. त्यानंतर इतर उत्पादकांनाही ३०० वर चाचणी करायला लावली.

मात्र ही गोळी साधी नव्हती. साध्या गोळीचं काम सोपं असतं: पोटात फुटली, विरघळली, आतड्यातून आत गेली. औषध पाण्यात सहज विरघळणारं आणि आतड्यातून सहज जाणारं असेल तर गोळी कुणी बांधली याने फारसं बिघडत नाही. बारा किंवा चोवीस तास पुरवून पुरवून औषध सोडणाऱ्या गोळीत मात्र सगळी कारागिरी त्या सोडण्यातच असते. अशीच दुसरी गोष्ट मिथाइलफेनिडेट या एकाग्रतेच्या विकारावरच्या औषधाची. मूळ गोळीत चक्क एक पंप आहे: कवचातून पाणी आत शिरतं, आतला थर फुगतो आणि लेसरने पाडलेल्या बारीक छिद्रातून औषध ढकललं जातं. दोन जेनेरिक उत्पादकांच्या गोळ्या वेगळ्या तऱ्हेने औषध सोडायच्या. एकूण बेरीज जुळायची, पण सकाळी घेतलेल्या गोळीचा दुपारनंतरचा भाग कमी पडत असावा अशी शंका आली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये एफडीएने त्या दोन्हींचा समतुल्यतेचा दर्जा काढून घेतला. तेव्हापासून अशा गोळ्यांत दिवसाच्या वेगवेगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ स्वतंत्र मोजण्यावर भर आला.

थोडक्यात, मी तुमच्या जागी असतो तर 'जेनेरिक आहे का' यापेक्षा 'एक्सआर, एसआर असं काही, म्हणजे हळूहळू सुटणाऱ्या गोळीची खूण, लिहिलंय का' हे आधी पाहिलं असतं.

आडवाटेचा

माझ्या धाकट्या भावाला अपस्मार आहे. त्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहून खाली रेघ मारलीय. आम्ही आजवर ते निमूट पाळत आलोय. चौकस यांच्या मामेबहिणीसारखंच हे. यामागे खरंच काही आहे की डॉक्टरांची सवय?

गुळवेल

आडवाटेचा, मी फिजिशियन आहे. यामागे खरंच काही आहे, आणि त्याला इतिहासही आहे.

काही औषधांत गुणकारी पातळी आणि घातक पातळी यांत अंतर फार थोडं असतं. वॉरफरिन, लिथियम, डिगॉक्सिन, फेनिटॉइन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि चौकसताईंचं लिव्होथायरॉक्सिन ही त्यातली ठळक नावं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण सहा टक्क्यांनी खालीवर झालं तर तुमच्या यकृताला त्याचा पत्ताही लागत नाही. अपस्मारावरच्या फेनिटॉइनचं तसं नाही. हे औषध पचवणारी यकृतातली यंत्रणा लवकर भरून जाते. ती भरली की मात्रा जराशी वाढवली तरी रक्तातली पातळी भलतीच उसळते. मामेबहिणीच्या डॉक्टरांचे दोन न्याय यातूनच आलेत.

१९६८ साली ऑस्ट्रेलियात काय झालं ते आमच्या पिढीला शिकवलं जायचं. फेनिटॉइन घेणारे रुग्ण एकामागून एक झोकांड्या खात, डोळे गरगरत असलेले रुग्णालयात येऊ लागले. मात्रा तीच, कंपनी तीच, औषध तेच. बदललं होतं ते कॅप्सूलमधलं भरीचं द्रव्य. आधी कॅल्शियम सल्फेट असायचं, त्याजागी लॅक्टोज घातलं. कॅल्शियम सल्फेट फेनिटॉइनला थोडं धरून ठेवायचं, पूर्ण शोषू द्यायचं नाही. ते गेलं आणि शोषण वाढलं. इथे जेनेरिकचा काही संबंधच नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

हृदयासाठीच्या डिगॉक्सिनचंही तसंच. १९७१ मध्ये एका अभ्यासात निरनिराळ्या डिगॉक्सिन गोळ्यांची रक्तातली कमाल पातळी एकमेकींच्या सातपटीपर्यंत वेगळी निघाली. आज जे नियम आहेत त्यांतले बरेचसे अशा धक्क्यांनंतर आले. युरोपात अशा नाजूक औषधांसाठी ८०-१२५ ऐवजी ९० ते १११ अशी अरुंद चौकट लावतात. अमेरिकेत त्याच दोन गोळ्या त्याच माणसांना पुन्हा पुन्हा देऊन पाहतात, म्हणजे गोळीचा फरक किती आणि माणसाचाच रोजचा फरक किती ते वेगळं कळतं.

आता भावाबद्दल. लॅमोट्रिजिन असेल तर दिलासा देणारा पुरावा आहे. अमेरिकेत मुद्दाम बाजारातली एकमेकींपासून सर्वांत दूर असलेली दोन जेनेरिक्स निवडली आणि अपस्माराच्या रुग्णांनाच, त्यांच्या नेहमीच्या मात्रेत, दर चौदा दिवसांनी आळीपाळीने दिली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: रक्तपातळी समतुल्य, फिट्समध्ये फरक नाही. पण रुग्ण तेहतीसच होते, आणि एखाद्याची फिट वर्षानुवर्षं थांबलेली असेल, तो गाडी चालवत असेल, तर एका फिटची किंमत फार मोठी. म्हणून मीही रेघ मारतो. ब्रँडवरच राहा असा तिचा अर्थ नाही. जी कंपनी लागू पडलीय, भले ती जेनेरिक असो, ती उगाच बदलू नका, एवढाच.

आडवाटेचा

लॅमोट्रिजिनच आहे. आणि ती जेनेरिकच आहे, आत्ता वेष्टण पाहिलं. इतकी वर्षं आम्ही 'ब्रँड' समजून जपतोय.

मीनमेख

दोन गोष्टी इथे निसटल्या आहेत.

पहिली. परवानगीसाठी प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ ब्रँडशी होते, जेनेरिकांची आपापसांत करावी लागत नाही. समजा एक ९४ वर आहे आणि दुसरी १०६ वर. दोन्ही पास. पण पहिलीवरून दुसरीवर गेलात तर उडी जवळपास १३ टक्क्यांची झाली. महिन्याला जे हाताशी असेल ते घेणाऱ्या माणसाची गोष्ट ब्रँड सोडून एकदाच जेनेरिकवर गेलेल्या माणसापेक्षा वेगळी आहे.

दुसरी. 'समतुल्य' हा निकाल सरासरीचा आहे. तुमच्या शरीराचा नाही. फ्रान्समध्ये २०१७ साली लिव्होथायरॉक्सिनच्या प्रमुख ब्रँडने, परत सांगतो, ब्रँडने, स्वतःच्या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं. हेतू चांगला होता, गोळी मुदतभर स्थिर राहावी म्हणून. २०४ निरोगी माणसांवर चाचणी केली, अरुंद चौकटीत पास झाली. आणि बाजारात आल्यावर हजारो तक्रारी: थकवा, केस गळणं, चक्कर. लाखो सह्यांचा अर्ज झाला, कोर्टकज्जे झाले. २०१९ मध्ये काही संशोधकांनी तीच आकडेवारी माणूसनिहाय मांडली तेव्हा अर्ध्याहून अधिक जण त्या अरुंद चौकटीच्या बाहेर होते. सरासरी बरोबर, माणसं बाहेर.

खलबत्ता

मीनमेख, पहिला मुद्दा मान्य. फक्त एक पुस्ती: २०११ मध्ये अपस्माराच्या औषधांच्या चाचण्या चाळल्या तेव्हा जेनेरिक आणि ब्रँड यांतला एकूण शोषणाचा फरक जवळजवळ सगळीकडे १५ टक्क्यांच्या आतच निघाला, जेनेरिक ते जेनेरिक उडी त्याहून मोठी असू शकते, हे त्या अभ्यासानेही म्हटलं होतं.

दुसरा मुद्दा मात्र अर्धाच सांगितलात. त्याच २०४ जणांना तीच जुनी गोळी दोनदा दिली असती तरी पुष्कळ जण त्या चौकटीबाहेर गेले असते! एकाच माणसात एकच गोळी आज जितकी शोषली जाते तितकीच पुढल्या महिन्यात शोषली जाईल असं कुणी सांगितलं? पोट किती भरलंय, आतडं किती वेगाने चालतंय, झोप किती झालीय, सगळ्याने आकडा हलतो. काही औषधांत हा स्वतःचाच फरक ३० टक्क्यांच्या वर असतो, त्यांना अतिचंचल औषधं म्हणतात. अशा औषधाच्या चाचणीत मोजकीच माणसं घेतली तर ब्रँड स्वतःच्याच विरुद्ध नापास होऊ शकतो. ही थट्टा नाही. अ‍ॅडव्हेअर या दम्याच्या इनहेलरच्या निरनिराळ्या बॅचेस एकमेकींशी तोलून पाहिल्या तेव्हा त्या जैवसमतुल्य, म्हणजे ८०-१२५ च्या चौकटीत बसणाऱ्या, ठरल्या नाहीत. एकच कंपनी, एकच डबी.

मीनमेख

'दोनदा दिली असती तर' हे गृहीत आहे. त्या अभ्यासात दिलेली नव्हती. तीच तर तक्रार आहे. दिली असती तर तुमचं की माझं खरं ते कळलं असतं.

खलबत्ता

हे मात्र बिनतोड.

उंटावरचा शहाणा

इतका खल करण्याची गरजच काय? बहुतेक भानगड मेंदूत आहे. न्यूझीलंडमध्ये २००७ मध्ये लिव्होथायरॉक्सिनची गोळी कॅनडाऐवजी जर्मनीत बनू लागली. रंग बदलला, आकार बदलला, भरीचे घटक बदलले. आधीच्या तीस वर्षांत दुष्परिणामांच्या १४ नोंदी होत्या, पुढच्या दीड वर्षात १४०० च्या वर. तपासलं तर औषध तितकंच आणि तेच. ज्या भागात टीव्हीवर आणि पेपरात बातम्या जास्त आल्या तिथल्या तक्रारी जास्त, आणि बातमीत जी लक्षणं सांगितली तीच लोकांना जास्त होऊ लागली.

१९८१ मधलं आणखी एक. डोकेदुखीच्या ८३५ बायकांना अ‍ॅस्पिरिन किंवा नुसती खोटी गोळी दिली, काहींना ओळखीच्या ब्रँडच्या वेष्टणात, काहींना कोऱ्या वेष्टणात. ब्रँडचं नाव असलेल्या गोळ्यांनी जास्त आराम पडला, खोट्या गोळीनेसुद्धा. गोळी महाग आहे असं सांगितलं तर ती जास्त दुखणं थांबवते, असंही २००८ च्या एका प्रयोगात दिसलंय, आणि त्यात दोन्ही गटांना खोटीच गोळी होती.

तात्पर्य, नोसीबो, म्हणजे त्रास होईल या अपेक्षेनेच होणारा त्रास. विषय संपला.

चौकस

नाही संपला. तुमचे प्रयोग वाचायला रंजक आहेत, पण ब्युप्रोपिऑनच्या लोकांनाही सहा वर्षं हेच ऐकवलं होतं ना? बाईने 'नव्या गोळीने बरं वाटत नाही' म्हटलं की 'मनाचे खेळ' हे उत्तर तयारच असतं. माझं थायरॉइडचं निदानही म्हणूनच उशिरा झालं होतं.

कडूकिराईत

+१०० ताई. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

गुळवेल

दोघांचंही बरोबर असू शकतं, आणि खोलीत समोर बसलेल्या रुग्णाकडे बघून ते ओळखता येत नाही, ही माझी रोजची अडचण आहे. म्हणून मी अंदाज करत बसत नाही. ज्या औषधात मोजता येतं तिथे मोजतो. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), आयएनआर (वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), लिथियमची पातळी, टॅक्रोलिमसची पातळी. आकडा हलला असेल तर गोळीला दोष. आकडा जागचा हलला नसेल आणि त्रास खरा असेल, तर भरीच्या घटकांकडे बघतो: लॅक्टोज सोसत नाही का, एखाद्या रंगाची अ‍ॅलर्जी आहे का. ब्रँड आणि जेनेरिक यांत कायद्याने सारखं असावं लागतं ते मुख्य औषध. बाकी गोंद, रंग, लेप, गोडवा वेगळा असू शकतो. तेही नसेल तरच आपण अपेक्षांबद्दल बोलतो, तेही रुग्णाला खोटं न पाडता.

जाता जाता, ब्युप्रोपिऑनचा पुढचा भाग कडूकिराईत यांनी सांगितला नाही. २०१९ मध्ये नैराश्याच्या रुग्णांवरच एक ब्रँड आणि तीन जेनेरिक गोळ्या, कॅप्सूलमध्ये लपवून, आळीपाळीने देऊन पाहिल्या. रक्तपातळीतही फरक नाही आणि लक्षणांतही नाही. वाईट गोळी बाजारातून गेल्यावर उरलेल्या ठीक होत्या.

कडूकिराईत

'वाईट गोळी गेल्यावर' हे किती सहज म्हणता डॉक्टर. गेली कशी ते आधी बघा.

आणि इथे सगळे धरून चाललेत की चाचणीचे कागद खरे असतात. २०१५ मध्ये युरोपच्या औषधसंस्थेने सुमारे ७०० औषधांची परवानगी थांबवायची शिफारस केली होती, कारण एका चाचणीकेंद्रात स्वयंसेवकांच्या हृदयाच्या आलेखांत फेरफार सापडले. वर्षानुवर्षं. खलबत्ताराव, तुमच्याच व्यवसायातली ही गोष्ट.

खलबत्ता

आहेच. आणि अशा बातमीने आमच्यातल्या नीट काम करणाऱ्यांची मान सर्वांत खाली जाते. फक्त याला जेनेरिक विरुद्ध ब्रँड असं रूप देऊ नका. १९९८ मध्ये एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरच्या मूळ ब्रँडच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या, कारण कारखान्यात औषधाचं दुसरंच स्फटिकरूप तयार होऊ लागलं. रेणू तोच, पण कमी विरघळणारा, त्यामुळे कॅप्सूल विरघळण्याच्या कसोटीत नापास. कागद खरे होते, माणसं प्रामाणिक होती, तरी झालं. आम्लपित्तावरच्या रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए ही कर्करोगकारक अशुद्धी सापडली तेव्हा २०२० मध्ये एफडीएने ब्रँड आणि जेनेरिक दोन्ही मागे घ्यायला लावली, कारण दोष रेणूतच होता.

कारखान्याची शिस्त आणि तपासणी हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. त्यावर तुम्ही धागा काढा, मी तुमच्या बाजूने लिहीन.

कडूकिराईत

काढतो. पळून जाऊ नका म्हणजे झालं.

पाणपोई

वरच्या रंगाच्या मुद्द्याला जोडून. मी फार्मसीत काम करते. शोषणाच्या गणितापेक्षा मला गोळीच्या दिसण्याची जास्त धास्ती वाटते. आजोबा पांढरी गोल गोळी रक्तदाबाची म्हणून ओळखतात. पुढच्या महिन्यात तीच गोळी गुलाबी लांबट आली की ते एकतर ती घेत नाहीत, नाहीतर जुनी उरलेली आणि नवी दोन्ही घेतात. हार्ट अ‍ॅटॅकनंतरच्या रुग्णांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: गोळीचा रंग बदलला तर औषध थांबवण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढली, आकार बदलला तर ६६ टक्क्यांनी. न घेतलेल्या गोळीची जैवसमतुल्यता शून्य टक्के असते हो.

गोळी बदलून आली की जुनं वेष्टण समोर ठेवा, दोन्हींवरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम जुळवा, आणि मगच जुनी बाजूला करा. फार्मासिस्टला विचारायला लाजू नका. आम्ही त्यासाठीच बसलेलो असतो.

आडवाटेचा

पाणपोई, हे आमच्याकडे एकदा झालंय. दोन्ही घेतल्या होत्या.

चौकस

सर्वांचे आभार. आता माझ्यापुरतं विचारते. जेनेरिक सुरू करून थोडे दिवस झालेत. परत जुन्या ब्रँडवर जाऊ की थांबू?

गुळवेल

तुम्हाला न तपासता मोघमच सांगू शकतो. दोन बाजूंनी सारखं ये-जा करणं सगळ्यात वाईट, कारण या औषधाचं अर्धायुष्य आठवड्याचं आहे, रक्तातली पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे लागतात आणि टीएसएच तर त्याहून सावकाश हलतं. आत्ता तपासलंत तर निम्मं जुन्या गोळीचं आणि निम्मं नव्या गोळीचं उत्तर येईल. नवी गोळी रोज त्याच वेळी, उपाशीपोटी घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ब्रँड बदलून जितका फरक पडतो त्याहून जास्त फरक या एका चुकीने पडतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. आकडा पूर्वीसारखा आला तर याच कंपनीवर राहा. सरकला असेल तर तुमच्या डॉक्टरांना मात्रा थोडी बदलता येईल. छातीत धडधड, हात थरथरणं असं काही झालं, किंवा गर्भारपण असेल, हृदयविकार असेल, तर इतके दिवस थांबू नका, आधीच भेटा. आणि काहीही झालं तरी गोळी स्वतःहून बंद करू नका.

चौकस

कॅल्शियमची गोळी मी याच गोळीबरोबर घेते. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

पाणपोई

आता कॅल्शियमची वेळ संध्याकाळवर ढकला आणि टीएसएचच्या वेळी डॉक्टरांना हा बदलही सांगा. नाहीतर आकडा यामुळेच सरकेल आणि नाव बिचाऱ्या नव्या गोळीचं जाईल.

मीनमेख

एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. आता या प्रयोगातून काहीच सिद्ध होणार नाही.

शेवंता

मीनमेख, त्या बरं वाटावं म्हणून औषध घेतात हो, शोधनिबंधासाठी नाही.

एक शंका: आईचं इन्सुलिन बदलून दुसऱ्या कंपनीचं दिलंय, त्यालाही हेच सगळं लागू होतं का?

खलबत्ता

नाही. इन्सुलिन हे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिन आहे. त्याची हुबेहूब नक्कल होत नाही, जवळची प्रतिकृती होते. त्यांना बायोसिमिलर म्हणतात आणि त्यांच्या परीक्षा वेगळ्या असतात. साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा आणि बदल झाल्याचं डॉक्टरांना कळवा. बाकीच्यासाठी नवा धागा काढा, इथे आणलं तर चौकसताई रागावतील.